निवृत्तीची पुंजी आणि पुण्याच्या वेशीवरचे घर

बुलडाणा, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या गावांहून सायंकाळी पुण्याकडे ज्या खाजगी गाड्या निघतात, त्यांतील प्रवाशांचे सामान जरा निरखून पाहिले, तर या जिल्ह्याच्या मध्यमवर्गात गेल्या वीस वर्षांत कोणता पालट झाला याचा अंदाज येतो. पूर्वी या गाड्यांत विद्यार्थी असत. एक बॅग, एक वळकटी आणि आईने दिलेला चिवड्याचा डबा एवढाच त्यांचा संसार असे. आज त्यांच्या शेजारी साठी ओलांडलेली जोडपी बसलेली दिसतात. त्यांच्याजवळ तुरीच्या डाळीची गोणी असते, घरच्या ज्वारीचे पीठ असते, लोणच्याची बरणी असते आणि पिशवीच्या तळाशी रुमालात गुंडाळलेली एका फ्लॅटची किल्ली असते. छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, शिरूर असे टप्पे घेत गाडी पहाटे पुण्याच्या हद्दीत शिरते, तेव्हा पहिले मोठे उपनगर लागते ते वाघोलीचे. पुष्कळांचा प्रवास तेथेच संपतो.

पुण्यात जाऊन घर वसविणे ही या जिल्ह्याला नवी गोष्ट नव्हे, असे कोणी विनोदाने म्हणेल, आणि ते खोटे नाही. सिंदखेडच्या जिजाऊसाहेब जवळपास चार शतकांपूर्वी बाळ शिवाजीला घेऊन पुण्यास गेल्या. खुद्द वाघोलीच्या जाधवराव घराण्याचे मूळही सिंदखेडच्या जाधवांत सांगतात. जिजाऊसाहेबांनी उजाड पडलेले पुणे वसविले. आम्ही भरून ओसंडणाऱ्या पुण्याच्या वेशीवर सातव्या मजल्यावरची जागा हप्त्याने विकत घेतो, एवढाच काय तो फरक!

विनोद बाजूला ठेवून या प्रश्नाकडे पाहणे आवश्यक झाले आहे. कारण हा पैसा धनिकांच्या शिलकीचा नाही. ज्यांच्याजवळ दहा घरे आहेत त्यांनी अकरावे घेतले काय किंवा न घेतले काय, त्याची चिंता वर्तमानपत्राने करण्याचे कारण नाही. आमच्या डोळ्यांसमोर आहे तो जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक, तहसील कचेरीतील अव्वल कारकून, पंचायत समितीतील ग्रामसेवक. उपदान, भविष्यनिर्वाह निधी आणि अंशराशीकरण मिळून जी रक्कम आयुष्यात एकदाच आणि एकगठ्ठा त्याच्या हाती पडते, ती आज मोठ्या प्रमाणावर पुणे, छत्रपती संभाजीनगर आणि नाशिक यांच्या उपनगरांतील सदनिकांत जाऊन बसते. एकदा बसली की ती सहसा उठत नाही. म्हणून ती कोठे बसते आणि का बसते, हे पाहिले पाहिजे.

या ओढीची कारणे सबळ आहेत; त्यांची टवाळी करणे अन्यायाचे होईल. पहिले कारण मुलांचे. अभियांत्रिकीची पदवी घेतलेला येथील मुलगा खराडीत किंवा हिंजवडीत नोकरीला लागतो, तो परत येण्यासाठी जात नाही. त्याने परत यावे असे येथे आहे तरी काय? जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाला आजही रेल्वे नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव गाठल्याखेरीज आगगाडीचे दर्शन नाही. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आम्ही म्हातारे झालो. तेव्हा मुलगा जेथे राहणार तेथे त्याला छप्पर असावे, ही बापाची इच्छा स्वाभाविक आहे.

दुसरे कारण निवृत्तिवेतनाचे. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यास जुने निवृत्तिवेतन लागू राहिले नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी आणि शिक्षक त्याच प्रश्नावर आठवडाभर संपावर गेले होते, हे वाचकांस स्मरत असेल. शासनाने पुढे काही पर्याय पुढे केले. परंतु 'शासन म्हातारपणी सांभाळील' ही जी निश्चिंती आधीच्या पिढीच्या चेहऱ्यावर असे, ती या पिढीच्या चेहऱ्यावर परतलेली नाही. निवृत्तिवेतन नाही तर निदान भाडे तरी येईल, असा विचार शिक्षकांच्या खोलीत बोलला जातो. तो विचार नेमका किती खरा, ते पुढे पाहू.

तिसरे कारण ठेवींवरील विश्वासाचे. २०१२ साली परवान्याच्या प्रश्नावरून रिझर्व्ह बँकेने बुलडाणा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध आणले. जुलै २०२३ मध्ये मलकापूर अर्बन बँकेचा परवाना रद्द झाला. ठेवीला विम्याचे संरक्षण आहे आणि ते २०२० पासून पाच लाखांपर्यंत आहे, हे खरे. पण ज्याने बँकेच्या बंद दारासमोर एकदा रांग लावली आहे, त्याला विम्याचे कलम वाचून दाखवून उपयोग नसतो. सिमेंट आणि विटा निदान डोळ्यांना दिसतात, हे त्याचे उत्तर तयार असते. त्यातच समृद्धी महामार्गासाठी मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा या तालुक्यांतील जमिनी गेल्या, तेव्हा भरपाईचा पैसा अनेक घरांत प्रथमच एवढ्या मोठ्या आकड्याने आला. वावर गेले तर त्याच्या बदल्यात स्थावरच हवे, ही शेतकऱ्याची उपजत बुद्धी. त्यातील काही पैसाही त्याच वाटेने गेला.

आणि चौथे कारण, जे सर्वांना ठाऊक आहे पण कोणी छापून आणत नाही, ते लग्नाचे. पूर्वी सोयरीक जुळविताना शेती किती, विहिरीला पाणी किती, भाऊ किती, हे विचारीत. आज मुलीकडचा मध्यस्थ दूरध्वनीवरूनच विचारतो : मुलगा पुण्यात आहे काय, आणि फ्लॅट स्वतःचा आहे की भाड्याचा? 'भाड्याचा' हे उत्तर आले की पत्रिका जुळत नाही. मुलीच्या बापाला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या मुलीने दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड बदलत फिरू नये असे त्याला वाटले तर त्यात गैर काय? परंतु याचा परिणाम असा झाला आहे की सव्वीस वर्षांच्या मुलाच्या नावावर लग्नाआधी घर असावे म्हणून अठ्ठावन्न वर्षांचा बाप आपली शिल्लक मोडतो. घर कोठे असावे, केवढे असावे, परवडते की नाही, यांपैकी कोणताच प्रश्न मग उरत नाही. 'फ्लॅट आहे' एवढे दोन शब्द बायोडाट्यात छापता आले म्हणजे झाले! हुंड्याविरुद्ध आमच्या शिक्षकांनी भाषणे केली, प्रभातफेऱ्या काढल्या. मुलाकडून घेतला जाणारा हा नवा हुंडा मात्र कोणाच्या भाषणात आलेला आम्ही ऐकला नाही.

आता हिशेबाकडे वळू. शिक्षक आणि कारकून हे हिशेबी लोक. त्यांना आकड्यांचा कंटाळा येऊ नये. उदाहरणादाखल उपनगरातील एक सदनिका ६० लाख रुपयांची धरू. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क आणि त्यावरील अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. इमारत बांधून पूर्ण झालेली नसेल तर ५ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे आणखी ३ लाख. (घर स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, ती पुष्कळांना माहीत नसते.) जाहिरातीत साठ लाखांचे असलेले घर अशा रीतीने साडेसदुसष्ट लाखांना पडते, आणि त्यात अद्याप एक पंखासुद्धा बसविलेला नाही.

या घराचे भाडे महिना १८ हजार मिळते असे धरू. वर्षाचे २ लाख १६ हजार. त्यातून देखभाल महिना ३ हजार प्रमाणे ३६ हजार वजा करा. एक भाडेकरी गेला आणि दुसरा यायला महिना लागला तर १८ हजार वजा. मालमत्ता कर १२ हजार धरला तर हाती राहतात दीड लाख. साडेसदुसष्ट लाखांवर दीड लाख म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के आणि मर्यादा ३० लाख झाली. त्या दराने ३० लाखांवर वर्षाला २ लाख ४६ हजार येतात. म्हणजे निम्म्याहून कमी रकमेत दीडपटीहून अधिक उत्पन्न, तेही भाडेकऱ्याचा गळका नळ दुरुस्त न करता. तेव्हा सदनिका हे निवृत्तिवेतन आहे ही समजूत टाकून दिलेली बरी.

यावर तयार उत्तर असे की, भाडे सोडा, भाव वाढतो ना! दहा वर्षांत दुप्पट झाला, असे प्रत्येकाच्या मेहुण्याने सांगितलेले असते. तसे झाले असेलही. पण दहा वर्षांत दुप्पट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सुमारे ७.२ टक्के, हे गणित आम्ही आठवी-नववीच्या मुलांना शिकवितो आणि स्वतःच्या व्यवहारात विसरतो. शिवाय ती वाढ सर्वत्र सारखी नसते. रस्त्याकाठची जुनी, सोयीची जागा वाढते. तीन किलोमीटर आत, शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या बारा मजली इमारतीतील जागा विकायला काढली की कळते की त्याच संकुलात विकासकाजवळच न विकलेल्या सदनिका पडून आहेत. मग आपल्याकडून जुनी कोण घेणार?

कर्जाचा भाग याहून जड आहे. ४० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता महिना सुमारे ३४ हजार ७०० रुपये बसतो. वीस वर्षांत फेड होते ती ८३ लाखांहून अधिक. म्हणजे मुद्दलापेक्षा व्याज जास्त. मुलाची नोकरी टिकली तर हा हप्ता चालतो. माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात नोकरी टिकणे हे आता पूर्वीइतके गृहीत धरता येत नाही. ती गेली की हप्ता बापाच्या निवृत्तिवेतनावर येतो, आणि २००५ नंतरचा बाप असेल तर तेही नाही.

पैशानंतर पाणी. खरे म्हणजे पैशाच्या आधी पाणी विचारावयास हवे. ३० जून २०२१ रोजी वाघोलीसह २३ गावे पुणे महापालिकेत घेण्यात आली. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावे आली होती. हद्द रातोरात वाढली. जलवाहिनी रातोरात वाढत नाही. महापालिका पाणी देऊ शकेल तोवर ते विकासकाने पुरवावे असे हमीपत्र लिहून घ्यावयाचे आणि बांधकामाला परवानगी द्यावयाची, अशी रीत तेथे पडली आहे. विकासक इमारत सोसायटीच्या हवाली करून निघून जातो आणि हमीपत्र फायलीत राहते. मग टँकर येतो, आणि टँकरचा पैसा देखभालीच्या वर्गणीत चढतो. बुलडाण्याच्या माणसाला टँकर नवा नाही. चिखली आणि देऊळगाव राजा तालुक्यांतील गावांनी उन्हाळ्यामागून उन्हाळे टँकरची वाट पाहिली आहे. पण गावचा टँकर शासन पाठविते आणि तो पावसाळ्यात बंद होतो. साठ लाखांच्या घराला वर्षाचे बारा महिने स्वतःच्या पैशाने टँकर लावावा लागणे, ही आमच्या दुष्काळी अनुभवाच्याही पलीकडची गोष्ट आहे.

आणि पाणी नुसते येऊन भागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलियन बारे या मज्जासंस्थेच्या विकाराची साथ उद्भवली. तिचे रुग्ण प्रामुख्याने सिंहगड रस्त्याच्या बाजूस, नांदेड, किरकटवाडी, धायरी अशा नव्याने महापालिकेत आलेल्या गावांत सापडले आणि संशयाचे बोट पिण्याच्या पाण्याकडे वळले. हातपाय लुळे पडलेली धडधाकट माणसे अतिदक्षता विभागात होती, आणि त्यांच्या घराच्या जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' असे शब्द होते. या प्रकरणात महापालिका आणि शासन यांच्यावर जो दोष येतो तो घर घेणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही. पाण्याची व्यवस्था कागदावर नव्हे, जमिनीत दिसेपर्यंत भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये, एवढी साधी शिस्त पाळली असती तर बाजार थोडा मंदावला असता, कोणाचे पाय लुळे पडले नसते. शासनाला मुद्रांक शुल्काचे उत्पन्न आज हवे असते. पाणी उद्या देता येते, असा हा कारभार आहे.

कायद्याने ग्राहकाला वाऱ्यावर सोडलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात सदनिकांच्या मालकीचा कायदा १९६३ सालीच झाला. स्थावर संपदा कायदा २०१६ चा. तो मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला आणि त्याच वर्षी 'महारेरा' स्थापन झाले. नोंदणीकृत करारनामा झाल्याखेरीज किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशापैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. भाव चटईच्या जागेवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या क्षेत्रावरच सांगावा लागतो. ताबा मुदतीत न मिळाल्यास व्याजासह पैसे परत मागता येतात. बांधकामातील दोषांची जबाबदारी ताब्यानंतर पाच वर्षे विकासकावर राहते. या तरतुदी चांगल्या आहेत. उणीव वसुलीत आहे. निकाल ग्राहकाच्या बाजूने लागतो, वसुलीचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि तेथे इतर शंभर वसुलींच्या रांगेत उभा राहतो. बुलडाण्याहून रजा टाकून त्या कचेरीत खेटे घालणे कोणाला शक्य आहे?

पण कायद्याचा जो भाग आपल्या हातात आहे, तोही आपण वापरत नाही. तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासताना ज्यांनी वेलांटीची चूक सोडली नाही, ते शिक्षक ऐंशी पानांच्या इंग्रजी करारनाम्यावर प्रत्येक पानाच्या तळाशी मुकाट्याने सही करतात, कारण टेबलापलीकडचा मुलगा नम्रपणे म्हणतो की 'सर, ही फॉरमॅलिटी आहे.' महारेराच्या नोंदणी क्रमांकावरून प्रकल्पाची मुदत, जमिनीवरील बोजा आणि चालू दावे कोणालाही पाहता येतात. आपल्याच घरातला नातू ते पाच मिनिटांत काढून देईल. जमीन सोसायटीच्या नावावर झाली की नाही हा प्रश्न तर बहुतेकांना सुचतही नाही. अभिहस्तांतरण न झालेल्या सोसायट्या इतक्या झाल्या की २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. त्यावाचून आपण भिंतींचे मालक असतो. पायाखालची जमीन दुसऱ्याच्याच नावावर असते. सातबाऱ्यावरील एका आण्याच्या हिश्शासाठी भावाशी दावा लढणारे आम्ही लोक, येथे मात्र जमिनीचे नावही विचारीत नाही!

या संदर्भात एका जुन्या प्रयोगाची आठवण होते. १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदविली गेली. सहकारी तत्त्वावर घरे बांधणाऱ्या आपल्याकडील आद्य संस्थांत तिची गणना होते. तिचे सभासद मध्यम स्थितीतील नोकरदार होते. पुढे मुंबई-पुण्याच्या उपनगरांत कारकुनांनी आणि शिक्षकांनी याच धर्तीवर वसाहती उभ्या केल्या. आमच्या तालुक्याच्या गावीही 'शिक्षक कॉलनी' नावाची वस्ती बहुधा सापडते, ती याच परंपरेतली. तेथे माणसे आधी एकत्र येत, मग जमीन घेत, मग घर उठे. शेजारी कोण हे पाया खोदण्यापूर्वी ठाऊक असे. आता क्रम उलटला आहे. घर आधी उभे राहते, मग त्यात चारशे अपरिचित कुटुंबे येतात आणि त्यांना कायद्याने 'सोसायटी' म्हणावयाचे. पहिल्या सर्वसाधारण सभेत वाहनतळावरून भांडण होते, ते पुढे चालू राहते. सहकाराचा शब्द उरला, सहकार गेला. आमच्या जिल्ह्यात पतसंस्थांचा एवढा विस्तार झाला, शिक्षकांच्या संघटना एवढ्या बलिष्ठ; पण पुण्यात वीस-पंचवीस कुटुंबांनी मिळून स्वतःची जागा घ्यावी आणि स्वतः बांधावी, असा विचार कोणी गंभीरपणे मांडल्याचे ऐकिवात नाही.

तेथील जगण्याविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण जाहिरातीत घरापेक्षा 'जीवनशैली' अधिक विकली जाते. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, मंदिर, चालण्याची वाट. आमच्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक पत्नीसह अशा एका संकुलात राहावयास गेले. मुलगा आणि सून दोघेही नोकरीवर. नातवाला पाळणाघरातून आणण्याचे काम आजोबांचे. त्यांनी तक्रार म्हणून नव्हे, सहज सांगितले, "सकाळी दहा ते पाच मला 'गुरुजी' म्हणणारे कोणी भेटत नाही. पहारेकरी 'बी-सातशे चार' म्हणतो." गावी त्यांच्या ओसरीवर संध्याकाळी चार माणसे बसत, कोणाचा दाखला, कोणाचा अर्ज, कोणाच्या मुलाची शिकवणी. तेथे कोणाकडे जावयाचे तर आधी फाटकावर भ्रमणध्वनीतून परवानगी. बाईंनी पहिल्या उन्हाळ्यात कुरड्या घालावयाच्या ठरविल्या, चीक शिजविला, आणि गच्चीला कुलूप असल्याचे कळले. गच्चीवर वाळवण घालू नये असा सोसायटीचा ठराव होता. त्यांनी त्या कुरड्या खिडकीच्या सज्जात पंख्याखाली वाळविल्या; त्या वाळल्या नाहीत, आंबल्या.

नियम करणाऱ्यांचे काही चुकले असे नाही. चारशे कुटुंबांनी वाळवण घातले तर गच्चीचे काय होईल, हेही खरे. दवाखाना जवळ, मुलगा डोळ्यांसमोर, नातवाचा सहवास, हा लाभ लहान नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला उद्‌वाहन आणि सपाट वाट यांचे मोल विचारा. आमचे म्हणणे इतकेच की हे जगणे मानवते की नाही, हे वर्षभर भाड्याने राहून पाहता येते. गावचे घर विकून तेथे जाणाऱ्याला ते पाहण्याची संधी उरत नाही. मुख्याध्यापक महोदयांनी गावचे घर विकले नव्हते. सध्या ते सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे असतात, आणि दोन्ही घरांचा कर भरतात.

ज्यांनी विकले त्यांच्याविषयी लिहिताना लेखणी जड होते. घर मुलाच्या एकट्याच्या नावावर, त्यात बापाची सर्व पुंजी, आणि मतभेद झाले तर परतावयास जागा नाही, अशी उदाहरणे आता प्रत्येक गावात एखादे तरी सांगता येते. २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळविण्याची सोय आहे. पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असावी, हे शहाणपणाचे. मुलावर अविश्वास दाखविल्यासारखे होईल म्हणून बाप ती लिहीत नाही. विश्वास आहे तोवरच ती लिहिणे सोपे असते, हे त्याच्या लक्षात येत नाही. निदान दस्तात पहिले नाव स्वतःचे आणि पत्नीचे घालावयास तरी संकोच नसावा. मुलगाही सुज्ञ असेल तर तोच तसा आग्रह धरील.

अंतराचाही विचार व्हावयास हवा. दोन घरांचा संसार म्हणजे रात्रीचा प्रवास. १ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी बस सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा शिवारात समृद्धी महामार्गावर उलटून पेटली आणि २५ प्रवासी जळून मृत्युमुखी पडले. त्यांत शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्याला चाललेली तरुण मुले होती. त्या पहाटेनंतर आमच्या जिल्ह्यातील कित्येक घरांत रात्रीच्या गाडीचे तिकीट काढताना हात थबकतो. तरी तिकीट काढावे लागतेच.

मग येथेच गुंतवणूक करावी काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तरही सरळ नाही. समृद्धी महामार्गाचा ७०१ किलोमीटरचा सर्व मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. मेहकर तालुक्यात साब्रा-काब्रा आणि सिंदखेड राजा तालुक्यात सावरगाव माळ येथे कृषी समृद्धी नगरे वसविण्याचे शासनाने योजिले. नगरे वसण्याआधीच त्यांच्या नावाने ले-आऊट वसले. पुण्यातील फ्लॅट ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी हे प्लॉट. विनाअनुदानित शाळेतील ज्या शिक्षकाने अनेक वर्षे पगाराविना काढली, त्याने पगार सुरू होताच पहिला हप्ता अशा एखाद्या प्लॉटचा भरला, असे आम्ही पाहिले आहे. त्याला मुद्रांकावर इसारपावती मिळते आणि रंगीत नकाशा मिळतो. जमीन अकृषक झाली आहे काय, नगररचना विभागाने आराखडा मंजूर केला आहे काय, पोहोच-रस्ता कोणाच्या धुऱ्यावरून जातो, पाचशे चौरस मीटरांहून मोठा ले-आऊट असूनही महारेराचा क्रमांक का नाही, हे प्रश्न विचारले की 'होऊन जाईल, गुरुजी' असे उत्तर येते. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा काय म्हणतो हे तलाठी सांगतो, पण ते फेरफाराच्या वेळी, पैसे देऊन झाल्यावर. फ्लॅटमध्ये निदान चार भिंती तरी मिळतात.

जिल्हा प्रशासनाला एक गोष्ट सहज करता येईल. मंजूर आणि नामंजूर ले-आऊटांची गट क्रमांकांसह यादी प्रत्येक तहसील कचेरीच्या आणि दुय्यम निबंधकाच्या दारावर मराठीत लावावी, आणि दर तीन महिन्यांनी बदलावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक टाचणी लागते. शिक्षकांच्या पतसंस्थांनीही प्लॉटसाठी किंवा फ्लॅटसाठी कर्ज मंजूर करण्यापूर्वी कागदपत्रे वकिलाकडून तपासून घेण्याचा नियम करावा. कर्ज बुडत नाही, पगारातून कापून येते, म्हणून संस्था निश्चिंत असते. सभासद मात्र बुडतो.

मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना असे ले-आऊट दिसतात. कमान असते, तिच्यावर एखाद्या देवाचे नाव असते, आत चुन्याने रंगविलेले दगड ओळीने रोवलेले असतात. त्या दगडांमध्ये आता गाजरगवत माजले आहे. मागच्या बाजूच्या वावरात सोयाबीन उभे आहे; या तुकड्यात पेरा नाही आणि घरही नाही.